डोळ्यातल्या पाव्हण्याचं पान

आबा,

आज सर्वपित्री. पौडपर्यंत एसटीनं आले आणि पुढं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून कोळवणला उतरले, तेव्हा आई चुलीपुढं बसून वडे तळत होती. मान वर न करताच म्हणाली, "लई येळ केलास. पान वाढायचं थांबलंय तुज्यासाटी." तुमचं पान तुमच्या तिथीला होऊन गेलं, तेव्हा मला सुट्टी मिळाली नव्हती. आजचं पान तुमचं नाही, त्याचं आहे. तुमच्या डोळ्यातल्या त्या पाव्हण्याचं. तुम्ही जाऊन दोन वर्षं होत आली, पण आई त्याला विसरलेली नाही. अळूची भाजी, गवार, कढी, खीर, सगळं तुम्ही असताना व्हायचं तसंच. मी आपली ओसरीवर बसून हे लिहितेय. आईला वाटतंय ऑफिसचं काहीतरी काम असेल.

आबा, मला ती अठ्ठ्याण्णव सालची झोडणी आठवते. दिवाळी उलटून गेलेली, खळं सारवून तयार, आणि तुम्ही फळीवर भाताच्या पेंढ्या आपटताय. तूस उडतंय, उन्हात सोनेरी धूर उठल्यासारखं दिसतंय, आणि मी कॉलेजच्या सुट्टीत आल्यामुळं पेंढ्या हातात द्यायच्या कामाला. मधेच तुम्ही थांबता, डावा डोळा मिटता, टॉवेलच्या टोकानं खसाखसा चोळता आणि परत पेंढी उचलता. मी म्हणते, आबा, पाण्यानं धुवा. तुम्ही म्हणता, "भाताचं तूस हाय, काय इख न्हाई. जाईल आपसूक." आपल्या खोऱ्यात दर झोडणीला कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात तूस जातं आणि तो हेच म्हणतो. कुणीतरी आणून दिलेले थेंब तुम्ही चार दिवस घातलेत, तेही मनानंच. पुण्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की तुसाबरोबर बुरशी आत गेली आहे आणि त्या थेंबांनी ती पोसली गेली. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडलं. पांढरं, मधोमध.

एका डोळ्यानं माणसाला दिसतं, असं सगळे म्हणत होते. दिसतं, पण अंतर कळत नाही. तुम्ही चहा बशीत ओतायचात आणि तो बशीच्या अलीकडं सांडायचा. आवणीच्या वेळी तुमची रोपांची ओळ दोरी न लावता सरळ जायची, ती वाकडी व्हायला लागली आणि बांधावरून जाताना तुम्ही आधी पायानं चाचपायला लागलात. आईनं एकदा कपात चहा देताना तुमचा हात धरून कपाच्या कानाला लावला, तर तुम्ही केवढे चिडलात तिच्यावर. मग दिवसभर गोठ्यात बसून राहिलात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता नुसतं वाईट वाटतं.

दीडेक वर्षानं दवाखान्यातून निरोप आला की कॉर्निया आला आहे. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची ती काचेसारखी चकती. कुणीतरी गेलं होतं आणि त्याच्या घरच्यांनी डोळे दिले होते. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि तुम्ही पहिला प्रश्न डॉक्टरांना काय विचारावा? "कुनाचा हाय?" डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. तुम्ही ऐकताय होय. "बाप्याचा का बाईचा, येवढं तरी?" तेही नाही म्हणाले. "म्हंजी पाव्हना बिननावाचा," असं म्हणून तुम्ही उशीला टेकलात. कोकणातून येऊन ओसरीवर टेकणाऱ्या माणसाला सुद्धा नाव-गाव विचारल्याशिवाय तुम्ही पाणी दिलं नव्हतं, आणि इथं तर तो थेट डोळ्यात येऊन राहिला होता.

परत येतानाची एसटी मला विसरता येत नाही. डॉक्टरांनी काळा चष्मा लावायला सांगितला होता. तुम्ही तो जरासा वर करायचात, उजवा डोळा तळव्यानं झाकायचात आणि नव्या डोळ्यानं खिडकीबाहेर बघायचात. अजून सगळं धूसरच होतं, टाके होते, तरी बघत होतात. मला वाटलं तुम्ही नजर तपासताय. मग तुमचं पुटपुटणं ऐकू आलं. "ह्यो पौडचा पूल. हितनं आमचं खोरं सुरू हुतं. ह्या अंगाला समदं भात. त्यो किल्ला, तिकोना." आबा, तुम्ही त्याला गाव दाखवत होतात. शेजारचा माणूस वळून बघायला लागला तेव्हा मी लाजून खिडकीकडं तोंड केलं. पण मला हसूही येत होतं, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद मला त्यानंतर फारसा झालेला नाही.

त्याच वर्षीच्या पितृपक्षात तुम्ही आईला सांगितलंत की अवसेला एक पान जास्त ठेवायचं. आई म्हणाली, "नाव न्हाई, गाव न्हाई, पानी सोडायचं कुनाच्या नावानं?" तुम्ही म्हणालात, "डोळ्याच्या." "आन त्यो मुसलमान असला तर?" "असू दे की. वडं आवाडलं तर खाईल, न्हाई तर न्हाई. ज्येची तिथी म्हाईत न्हाई त्येची अवस, ह्ये तर खरं का न्हाई?" पान कौलावर गेलं. कावळा लगेच आला, पहिल्यांदा त्यानं वडाच उचलला, आणि तुम्ही आईकडं असं बघितलंत की जणू तो पाहुणा तुमच्याच माहेरचा होता. त्यानंतर दर अवसेला ते पान पडत राहिलं आणि भावकी तुम्हाला हसत राहिली. तुम्ही दोन्ही गोष्टी सारख्याच शांतपणे घेतल्यात.

मी एमएस्सी झाले आणि पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत लागले. काम काय, हे तुम्हाला सांगताना माझी बरीच तारांबळ उडायची. शेवटी मी एकदा बाटलीत घालून चकतीच घेऊन आले. हायड्रोजेल. तुम्ही ती बोटांच्या चिमटीत धरून दाबलीत, उजेडाकडं धरलीत. "ह्ये तर पानीच हाय की." बरंचसं पाणीच आहे, आबा, मी म्हटलं, उभं राहिलेलं पाणी. मेलेल्या माणसाचे डोळे सगळ्यांना पुरत नाहीत. म्हणून आम्ही अशी चकती बनवतो, जी डोळ्यात बसवता येईल. चकती बनवणं अवघड नाही. अवघड आहे ते डोळ्यानं तिला राहू देणं. वरच्या थरातल्या पेशींनी तिच्यावरून पसरलं पाहिजे, कडेच्या पेशी तिच्या काठात शिरून रुजल्या पाहिजेत, आणि रक्ताच्या शिरा मात्र तिच्याकडं धावून येता कामा नयेत. शिरा आल्या की डोळ्याला ती परकी वाटली असं समजायचं. नुसतं जेल गुळगुळीत असतं, पेशी त्यावर टिकत नाहीत, निसटतात. म्हणून आम्ही त्यावर शरीरातलंच एक प्रथिन लावतो. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "म्हंजी घरातलं लुगडं नेसवून सून घरात घ्यायची." मी म्हटलं, साधारण तसंच. मग तुम्ही विचारलंत की पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यात घालता, आणि मी सशांचं सांगितल्यावर तुमचा चेहरा उतरला. "त्येंचं पान कोन ठिवतं?" मी विषय बदलला.

मग ते वर्ष आलं. पितृपक्ष लागायच्या तोंडावर भावकीतले थोरले चुलते गेले आणि घराला सुतक आलं. म्हाळ नाही, पान नाही. तुम्ही अवसेच्या दिवशी ओसरीवर येरझाऱ्या घालत होतात असं आईनं मला नंतर सांगितलं. आणि दिवाळीच्या आसपास तुमचा डोळा लाल झाला. आधी लाल, मग उजेड सोसेना, मग त्या स्वच्छ चकतीवर दूध सांडल्यासारखं व्हायला लागलं. तुम्ही कुणाला बोलला नाहीत. मी आले तेव्हा तुम्ही खळ्यावर डावा डोळा मिटून बसला होतात आणि मला बघून म्हणालात, "पाव्हना रुसला, बाय. पान चुकलं त्येचं."

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा तपासला, थेंब वाढवले, इंजेक्शन दिलं. भले माणूस होते ते. तुमच्या पान चुकण्याची गोष्ट त्यांनी न हसता ऐकून घेतली आणि म्हणाले, "तसं नाही हो. तो काही रुसला नाही. त्याचा काही दोष नाही. तुमच्या शरीराला तो परका वाटला, म्हणून शरीरानंच त्याला नाकारलं. असं होतं कधीकधी." तुमचं मन हलकं व्हावं म्हणूनच ते बोलले होते. तुम्ही मान डोलावलीत. औषधं घेऊन आपण स्टँडवर आलो, गाडी लागली, गाडी चांदणी चौक ओलांडून गेली. या वेळी खिडकीबाहेर बघितलं नाहीत. मग माझ्याकडं न बघता विचारलंत, "डागदर म्हन्ला त्ये खरं हाय?" मी हो म्हटलं. माझं तर सगळं शिक्षणच त्या एका गोष्टीचं होतं. "म्हंजी त्यो ऱ्हायला तयार हुता." हो, आबा. "आन म्याच त्येला हाकललं." मी म्हटलं, तुम्ही नाही, तुमच्या रक्तातल्या पेशी, त्यांना ओळख पटत नाही, त्यात माणसाच्या मनाचा काही संबंध नसतो. तुम्ही म्हणालात, "रगत कुनाचं हाय? माजंच ना?" पौड आलं, पूल गेला, तुम्ही डोळे मिटून बसून राहिलात.

आबा, डोळा गेल्याचं तुम्ही एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. पहिल्यांदा फूल पडलं तेव्हा तुम्ही चिडलात, आदळआपट केलीत, पण खचला नाहीत. या वेळी मात्र तुम्ही वागायलाच लागलात असे, की जणू आसऱ्याला आलेल्या माणसाला तुम्ही दारातून बाहेर काढलंय. अवसेचं पान चालू ठेवलंत, पण आता ते स्वतः कौलावर ठेवायला जायचा नाहीत, आईला सांगायचात. डॉक्टर म्हणाले, दुसरा कॉर्निया बसवून बघू. शिरा आत आल्यात, टिकायची खात्री कमी, पण बघू. तुम्ही हात जोडलेत. "नगं. आजून एकाला बलवायचं आन त्येला बी हाकलायचं? न्हाई जमायचं माज्यानं." आईनं समजावलं, मी भांडले, रडले सुद्धा. तुम्ही एकदाच म्हणालात, "तुजी ती पान्याची चकती घाल मग. तिचं कोन मेलेलं न्हाई." मी सांगितलं की ती अजून माणसात घालायची परवानगी नाही, अजून सशांच्या डोळ्यातसुद्धा काही ठिकाणी शिरा येताहेत, काही ठिकाणी कड सुटतेय, अजून वर्षं लागतील. "किती?" मला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "सावकास कर. मला घाई न्हाई." पण तेव्हापासून मी आले की तुम्ही पहिल्यांदा भाताचं बोलायचात आणि मग हळूच विचारायचात, "काय, ऱ्हातीया का घरात?" मी म्हणायचे, अजून नाही, आबा. रुजेल. दर सुट्टीला तेच.

त्याच सुमाराला तुम्ही आईला आणि मला समोर बसवून सांगितलंत की तुमचे डोळे द्यायचे. "उजवा चांगला हाय. द्या कुनाला तरी. फकस्त त्या मान्साला म्हनावं, ठिवून घ्या." आणि तुम्हाला सदुसष्ट पुरी झाली त्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी तुम्ही खळ्यावर जाऊन बसलात, छातीवर हात धरलात, आणि आई पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी पुण्याहून नेत्रपेढीच्या गाडीतच बसून आले. रस्ताभर मी त्यांना वळणं सांगत होते, इथून उजवीकडं, ओढ्यानंतर चढ, आणि तोंडानं वळणं सांगतेय तोवर आपण ठीक आहोत असं वाटत होतं. घरी भावकी जमली होती. डोळे काढू नका, पुढच्या जन्मी आंधळे येतील, असं कुणीतरी म्हणालंच. आई भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "त्येनी घेतल्यालं हाय. देनं लागतंय."

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. मी गोठ्यामागं जाऊन तो घेतला. उजवा कॉर्निया दिसायला स्वच्छ आहे, पण आतल्या थरातल्या पेशी वयानं फार कमी झाल्यात, तो कुणाला बसवता येणार नाही. संशोधनासाठी वापरला तर चालेल का? मी हो म्हटलं. कुठल्या संशोधनाला ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात आले तर आईनं विचारलं, "दवाखान्याचा हुता? डोळा लागला का कुनाला?" मी म्हटलं, घेतला त्यांनी. एवढंच. तिनं डोळ्याला पदर लावला आणि ती बऱ्याच वेळानं चार घास जेवली.

तेरावा करून मी कामावर गेले. फ्रीजमध्ये एक छोटी बाटली होती. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही नव्हता तेव्हा नेत्रपेढीकडून आली. म्हातारा डोनर आहे आणि आता टिश्यूपण जुना झालाय. टाकून देऊ या ना?" मी बाटली हातात घेतली. अशा बाटल्यांवर नाव नसतं. क्रमांक असतो, आणि खाली लिहिलेलं असतं. पुरुष. सदुसष्ट. उजवा. आबा, पुण्यात रोज किती माणसं जात असतील. मी फोन करून विचारू शकले असते आणि मी विचारलं नाही. त्या मुलीला म्हटलं, राहू दे, मी लावते. कॉर्नियाच्या कडेचा बारीक तुकडा कापायचा, तो आमच्या जेलच्या चकतीवर ठेवायचा, आणि त्यातून पेशी बाहेर येऊन जेलवर पसरतात का ते बघायचं. इतक्या जुन्या तुकड्यातून बहुधा काही येत नाही. चिमटा टेकवताना मी मुखपट्टीच्या आत म्हटलं, पाव्हणा आलाय, ठेवून घ्या. ती मुलगी म्हणाली, "काय मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, लाइट जरा इकडं कर.

बरेच दिवस काही झालं नाही. मी रोज जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, तुकडा नुसताच पडून असायचा. त्या मुलीनं दोनदा टाकून देण्याचा विषय काढला. आणि मग एका सकाळी तुकड्याच्या कडेला एक फिकट झालर दिसली. दुसऱ्या दिवशी ती रुंद झाली. पेशी एकमेकींना धरून, हळूहळू, त्या पाण्याच्या चकतीवर पाय रोवत पुढं येत होत्या. कुठंही निसटत नव्हत्या. अजून तो डोळा नव्हता, नुसती काचेची बशी होती, तिथं रक्त नसतं, शिरा नसतात, नाकारायला कुणीच नसतं. हे सगळं मला कळतं, आबा. चकती अजून माणसाच्या डोळ्यात गेलेली नाही, कधी जाईल मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन तोंड दाबून रडले, कारण तुम्ही नाही हाकललंत. परक्याला ठेवून घेतलंत. आणि हे तुम्हाला सांगायला एसटी पकडून यावं, तर तुम्ही घरी नव्हतात.

आत्ता आईनं हाक मारली म्हणून मधेच उठले होते. पाव्हण्याचं पान मीच कौलावर ठेवलं. कावळा आला, वडाच घेतला. आई अंगणात उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "आत्ता कुटंतरी त्येंच्या डोळ्याचं बी पान पडलं आसंल. ज्येला डोळा लागला त्यो काय इसरंल व्हय?" मी म्हटलं, नाही विसरणार. ती समाधानानं आत गेली, आणि ती आत गेल्यावर मी पातेल्यातला थोडा भात आणि एक वडा घेतला, पेंढ्याच्या उडवीमागं पळसाच्या पानावर ठेवला आणि त्याच्याभोवती पाणी सोडलं. मागच्या वर्षीही मी असंच केलं होतं. आईला वाटतं ते पान कुठल्यातरी अनोळखी घरी पडतं. ते मी ठेवते, आबा. पाणी सोडताना तुमचं नाव तोंडावर आलं होतं, पण घेतलं नाही. बाटलीवर नव्हतं.